मंडळीच्या शेताची कड

सर चष्मा काढायला लागले की आम्ही सावरून बसायचो. आधी उजवी काडी कानावरून सुटायची, मग डावी, आणि घडी केलेला चष्मा उघड्या बायबलवर ठेवला जायचा. "आता मला कोणाचा चेहरा दिसत नाही," ते म्हणायचे, "आता खरं बोलता येईल." त्यानंतर जे यायचं ते ऐकून आमच्या एखाद्या वडीलधाऱ्याचा चेहरा आंबट व्हायचा. मला मात्र घरी जाताना रिक्षा न करता चालत जावंसं वाटायचं.

तुमच्यापैकी कोणी चर्चच्या वाटेला गेलं नसेल तर सांगते. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चातल्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात. भिवंडीतली आमची मंडळी लहान, पण भांडणं कुठल्याही मोठ्या गावाला पुरतील एवढी. सर त्या मंडळीतले सर्वांत शिकलेले. घाटावरच्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, तयार करणाऱ्या कॉलेजात, त्यांनी जन्मभर जुना करार, म्हणजे बायबलाचा पहिला भाग, शिकवला. हिब्रू शिकायला परदेशी जाऊन आले होते. निवृत्त झाल्यावर ते भिवंडीत बहिणीच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर येऊन राहिले. खाली घरमालकांचे शेजारी चाचा, त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग. चाचा कोकणी मुसलमान, तीन पिढ्या धंद्यात. दिवसभर खालून खडखडाट यायचा आणि वर हे यशया संदेष्ट्याचा अर्थ लावत बसायचे.

दारावर पाटी होती, नावाआधी डॉक्टर लिहिलेली. एकदा लूमवरचा एक कामगार बोट कापून घेऊन थेट वर आला. सरांनी त्याला आपल्या शाळेतल्या हिंदीत समजावलं, की मी माणसांचा डॉक्टर नाही, किताबांचा आहे. तो रक्ताळलेलं बोट दाबून धरत म्हणाला, "किताब को क्या होता है, साब?" हा प्रश्न सरांनी पुढे कितीतरी भाषणांत सांगितला. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी पट्ट्या, कापूस आणि आयोडीनचा डबाही आणून ठेवला, आणि त्यानंतर लूमवरच्या लोकांची बोटं तेच बांधायचे.

मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे. सरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून त्यांचे मराठी लेख मी टाईप करून द्यायला लागले. अकरा वर्षं दिले. ते मला बाई म्हणत. मध्येच थांबून विचारत, "बाई, हे तुमच्या चौथीच्या मुलांना कळेल का?" नाही म्हटलं की सगळा परिच्छेद खोडत. विद्वान माणूस असा खोडतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल काय वाटायचं ते आडपडदा न ठेवता सांगते. मला लहानपणापासून वडील नव्हते.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत बायबल क्लास भरायचा. आठ-दहा माणसं, चटईवर. सर वाचायचे. आवाज असा, की खालचे लूमही जरा दबून चालल्यासारखे वाटत. वाचून झालं की कोणीतरी विचारायचंच, मग सर, आपण करायचं काय? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "मी फक्त वाचून दाखवतो. करायचं तुम्ही."

सरांनी हयातभर ज्या एका गोष्टीचा अभ्यास केला ती गोष्ट शेतातली होती. जुन्या करारात एक नियम आहे. शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, कडेचं पीक उभं ठेवा, गळालेलं उचलू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं. एवढाच नियम, पण सरांनी त्यावर तीस वर्षं घातली होती. परदेशातल्या मासिकांत त्यांचे लेख यायचे. एका गुरुवारी त्यांनी तो भाग वाचला, आणि मी आपली बसल्या बसल्या म्हणाले, "सर, आपल्या मंडळीचं पडघ्याला शेत आहे ना?"

ते होतं. मिशनऱ्यांच्या काळापासूनचं, भाताचं, गावातले एक दादा ते अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसायचे. दरवर्षी उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला त्यातल्या लोंब्या वेदीजवळ बांधायच्या, एवढाच आमचा त्या शेताशी संबंध. सरांनी चष्मा काढला. घडी करून उघड्या पानावर ठेवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी हे शिकवतोय बाई, आणि आपलं शेत आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही."

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा कडा ठेवल्या. कमिटीत आधी बरीच खडाजंगी झाली. कडा म्हणजे किती फूट, असं एकाने विचारलं. शास्त्रात माप नाही, सर म्हणाले, माप दिलं की माणूस तेवढंच ठेवतो. मग पाळकसाहेबांचं म्हणणं पडलं की आपणच कापून पोत्यांत भरू, शेताजवळच्या पाड्यावरच्या आदिवासी बायांना बोलावू, प्रार्थना करून वाटू, एखादा फोटो काढू. सर ऐकेनात. वाटायचं नाही, ठेवायचं आणि निघून यायचं, असं लिहिलं आहे. हातात दिलं की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते स्वतः बांधावरून फिरले आणि काठ्या रोवून आले.

आम्ही शास्त्राप्रमाणे कडा ठेवल्या आणि शास्त्राप्रमाणे निघून आलो. पंधरा दिवसांनी जाऊन बघतो तर निम्मं पाखरांनी खाल्लेलं, उरलेलं आडवं पडलेलं. एका बाईनेही विळा लावला नव्हता. सरांचा चेहरा असा पडला, की परत येताना जीपमध्ये मी त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत राहिले.

मग मी एकटी पाड्यावर गेले. तिथे बुधीबाय भेटली. विधवा, हाडांची काटक, आवाज शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. मी विचारलं, कडेचं भात का नाही नेलं? ती माझ्याकडे बघत राहिली. "ता तुमच्या देवाचा ठेवलेला हाय ना? आमी कसा हात लावू?"

तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं. त्यांच्यातही पहिलं पीक देवाला ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी आमच्या देवाचा वाटा ठेवला असेल असं समजून सगळ्या पाड्याने ते भात पाखरांना खाऊ दिलं होतं. मी समजावून सांगितलं. तिला ते पटलं, पण दुसरी शंका आली. "आन उद्या कोनी चोर बोलला तं?"

हे मी सरांना येऊन सांगितलं. दुसऱ्या वर्षी कापणीच्या वेळी ते आले, बांधावर मातीत बसले आणि तिला म्हणाले, "बाई, मी आहे तोवर तुम्हाला इथे कोणी चोर म्हणणार नाही." माझ्या समोर म्हणाले. बुधीबाय हसली, पदर खोचला आणि विळा घेऊन कडेला उतरली. तिच्या मागून आणखी चौघी.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. बुधीबाय सरांना मास्तर म्हणायची आणि बांधावरून कसं चालायचं ते शिकवायची, कारण ते दरवेळी घसरायचे. एकदा सरांनी तिला बायबलातल्या त्या विधवा सुनेची गोष्ट सांगितली, जी सासूला जगवायला परक्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत गळालेली कणसं, वेचते. बुधीबायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तवर सासू काय करत हुती?" सरांनी खिशातून वही काढून तो प्रश्न लिहून घेतला. तीस वर्षांत एका विद्यार्थ्याने मला हे विचारलं नाही, असं ते जीपमध्ये बसल्यावर दोनदा म्हणाले.

मग त्यांचं पुस्तक आलं, इंग्रजीत. त्यात पडघ्याच्या शेतावर एक अख्खं प्रकरण होतं. सेमिनरीतून विद्यार्थ्यांची बस यायला लागली. बांधावर उभं राहून मुलंमुली वहीत लिहून घ्यायची. दोनदा सर परदेशी जाऊन आले, आमच्या शेताबद्दल बोलायला. नुसती पोपटपंची करणारे खूप असतात, याने शास्त्र मंडळीत आणून दाखवलं, असं त्यांच्याबद्दल सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं. तेव्हा त्यांच्याइतकीच मीही फुगले होते. बुधीबायचा तो प्रश्नही पुस्तकात होता. "एका खेड्यातल्या स्त्रीने विचारले" असा. तिचं नाव नव्हतं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण कौतुकात असलं की माणसाला काही खटकत नाही.

आता शेताचं काय झालं ते सांगते. भिवंडीजवळ वडप्याला गोडाऊन झाली, मग हायवेला धरून एकेक गाव करत ती पडघ्यापर्यंत आली. मंडळीच्या शेताला मागणी आली. भात पोटरीला आलं होतं त्या सुमारास एका रविवारी उपासनेनंतर सभा ठेवली. शेत विकायचं आणि त्यातून चर्चच्या मागे हॉल बांधायचा, असा ठराव होता. हॉलच्या वरच्या मजल्यावर बायबल अभ्यास केंद्र. सरांची सगळी पुस्तकं तिथे राहणार होती.

त्या पुस्तकांचं दुःख मला ठाऊक होतं. सरांच्या खोलीला ओल होती. खालून सुताचा बारीक कापूस उडत वर यायचा आणि पानापानांत जाऊन बसायचा. आदल्या पावसाळ्यात हिब्रूच्या मोठ्या कोशाला वाळवी लागली, तेव्हा सर तो मांडीवर घेऊन बसले होते आणि मी आले तरी उठले नव्हते. त्यांना पुस्तकांसाठी कोरडी जागा हवी होती. यात वाईट काय? काहीच नाही. हे माझं स्वतःला फार वेळा विचारून झालं आहे.

ठराव वाचायला कमिटीने सरांनाच उभं केलं, आवाज चांगला म्हणून. ते वाचू लागले, आणि दुसऱ्या वाक्याला मला कळलं की हा कागद त्यांनीच लिहिलेला आहे. त्यांची वाक्यं मी झोपेतही ओळखली असती. अकरा वर्षांत त्यांचा मराठी कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. हा त्यांनी दुसरीकडे टाईप करून घेतला होता. म्हणजे त्यांना कितीतरी दिवस माहीत होतं, आणि त्या दिवसांत दर गुरुवारी मी त्यांच्या समोर चटईवर बसत होते.

कोणाची हरकत आहे का, पाळकसाहेबांनी विचारलं. मी हात वर केला. एकटीनेच. मी म्हणाले की त्या शेताच्या कडेवर पाड्यातल्या बाया दरवर्षी येतात, आपण त्यांना शब्द दिलेला आहे, सरांनी दिलेला आहे. एवढं बोलून मी सरांकडे पाहिलं. माझी खात्री होती, आता चष्मा निघणार.

तो नाकावरच राहिला. उलट बोटाने त्यांनी तो जरा वर सरकवला. "बाई," ते म्हणाले, "शेत असेल तर कडा ठेवा, असं शास्त्र सांगतं. शेत ठेवलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही."

लोक हसले. अगदी मनापासून हसले, सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं ना. ठराव मंजूर झाला. मी वाकून चपला शोधत राहिले. तीस वर्षांचा अभ्यास, हिब्रू, परदेश, सगळं त्या एका वाक्यात वापरलं होतं, आणि वापरलं होतं माझ्याविरुद्ध. चूक काढायला जागा नव्हती. खरंच, असं कुठेही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले ती भांडायला नाही. निदान पाड्यावर जाऊन बुधीबायला तुम्ही सांगा, मी बरोबर येते, एवढंच म्हणायला. गुडघे दुखतात म्हणाले. दिवाळीनंतर बघू म्हणाले. मी एकटी जाऊन सांगू शकले असते. पण मला वाटलं, ज्याने शब्द दिला त्यानेच जाऊन सांगावं. त्या हट्टात दिवस गेले, आणि तो दोष माझा आहे.

घेणाऱ्यांना जागा लवकर हवी होती. दादांनी सगळं भात घाईने कापलं, कडेचं तेवढं सवयीने उभं राहिलं. कुंपणाचे खांब उभे राहिले, राखणीला माणूस बसला. आणि एका सकाळी बुधीबाय आणि तिघी जणी विळे घेऊन आल्या, दरवर्षी यायच्या तशा.

दादांचा मला शाळेत फोन आला. मी पडघ्याला पोचले तेव्हा त्या चौघींना खांबाजवळ जमिनीवर बसवलेलं होतं. विळे काढून घेतले होते. पेंढ्या एका बाजूला रचल्या होत्या. राखणदार वाईट माणूस नव्हता. मला खुर्ची देऊ लागला. म्हणाला, "चोरी का माल है, मॅडम, साहब को फोन किया है।" मी म्हणाले, हे आमच्या चर्चचं शेत आहे. त्याला माझी कीव आली असावी. "चर्चने ही तो बेचा," तो म्हणाला.

बुधीबाय माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मास्तर कुठं हाय?" तिने विचारलं. "बोलला हुता ना, मी हाय तवर."

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, या माणसाशी नुसतं बोला, मी फोन त्याच्या हातात देते, तुम्ही एवढंच सांगा की या बायांना आम्ही बोलावलं होतं. पलीकडे लूम ऐकू येत होते. मग सर म्हणाले, "मी काय करणार बाई? मी फक्त ठराव वाचून दाखवला."

मी फोन ठेवला. राखणदाराच्या हातापाया पडून बायांना सोडवलं. विळे मिळाले, भात मिळालं नाही. त्यानंतर मी सरांचं एक पानही टाईप केलं नाही. गुरुवारी गेले नाही. रविवारी चर्चच्या दारात भेट व्हायची तेव्हा ते सलाम म्हणायचे, आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार तोच, मीही सलाम म्हणायचे. आमच्यात तेवढंच उरलं. हॉल झाला, पुस्तकं कोरड्या जागी गेली. तिथे पंखा लावून बसलेल्या सरांना मी खालून दोन-चारदा पाहिलं.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. अंत्यविधीला सेमिनरीतून गाड्या भरून लोक आले. परदेशातून आलेली पत्रं वाचून दाखवली. पडघ्याच्या शेताबद्दल तिघे बोलले. पुस्तकात ते शेत अजून आहे, मुलं त्यावर पेपर लिहितात, आणि तिथे आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्र्याचं छप्पर आहे हे त्या भाषणांत कोणी म्हटलं नाही. मीही गप्प बसले. मेलेल्या माणसाशी भांडण काढायला हिंमत लागते.

आठवड्याने मी पाड्यावर गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कोणीतरी तिला सांगायला हवं, असं वाटलं. बुधीबाय आता थकली आहे. सून वडप्याला गोडाऊनवर खोकी भरायला जाते, ही घरी नातवंडं सांभाळते. मी म्हणाले, मास्तर गेले. तिने ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं.

"तो आलता," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. शेत गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, कापणीच्या दिवसांत. एकटाच आलता, काठी टेकत. इथं ओटीवर बसला. लय येळ बसला. कायतरी बोलल म्हणून तिने वाट बघितली. तो बोलला नाही. उठला आणि गेला.

"मी त्याला पानी इचारला न्हाय," ती म्हणाली.

त्या पाड्यावर जंगलखात्याचा माणूस धाड घालायला आला तरी त्याला आधी पाणी विचारतात. हे तिने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी चर्चमध्ये, पापकबुलीच्या वेळीही कधी ऐकलेला नाही. आणि खरं सांगू का, मला राग आला. तिचा नव्हे. जन्मभर शब्दांवर जगलेला माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर गेला आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. शिवाय माझं घर त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर. तिथे तो कधी आला नाही.

बुधीबाय आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. मी पाणी प्यायले. तिने रिकामा तांब्या हातात घेतला. मग विचारलं, "मरताना जवल कोन हुता त्याच्या?"

"कोणी नव्हतं," मी म्हणाले.

सर गेले त्या दुपारी चाचांनी माणूस पाठवला होता माझ्या घरी. साहब बाई को बुला रहे हैं, एवढाच निरोप होता. मी म्हटलं, येते म्हणून सांग. आणि दार लावून वह्या तपासत बसले. हे मी बुधीबायला सांगितलं नाही. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.